संत्र्याची वंशावळ

नंदनवन म्हणजे इंद्राची बाग. पण नागपुरातल्या आमच्या नंदनवनात फळे येतात ती ठेल्यावरून. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री आली की कोणीतरी अभिमानाने म्हणतोच, “हे आमचे रघुजीराजांचे संत्रे!” मी इतिहास शिकवतो, तेव्हा या वाक्याची झडती घेणे मला भाग आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवून आपल्या बागेत लावली, असे परंपरा सांगते. परंपरा इथेच थांबते. त्यामागची वंशावळ झाडाने स्वतःच्या पेशींत जपली आहे, आणि ती वाचण्याची विद्या आता शास्त्रज्ञांना साधली आहे. २०१८ साली ‘नेचर’ नियतकालिकात लिंबूवर्गातल्या ६० वाणांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. तीवरून या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, ब्रह्मदेश आणि युन्नान यांच्या पट्ट्यात ठरते. मूळ घराणी थोडीच. पपनस, महाळुंग आणि रानसंत्रे ही त्यांतली प्रमुख. बाकी सगळी सोयरीक! मोसंबीत संत्रे आणि पपनस यांचे रक्त आहे. जंबेरी ही संत्रे व महाळुंग यांची संतती. फार काय, लागवडीतली बहुतेक संत्रीसुद्धा निर्भेळ नाहीत. त्यांतही पपनसाचा थोडाबहुत अंश सापडतो. कुळाचा तोरा मिरवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे, बरं का!

मग काटोलपासून वरूडपर्यंतच्या बागा एकाच साच्यातल्या कशा? संत्र्याची बी रुजत घालून बघा. एकीतूनच दोन-तीन अंकुर निघतील. त्यांतले बहुतेक परागापासून झालेले नसतात. आईच्याच पेशींतून उगवलेली ती तिची नक्कल असते. त्यात कलमाची भर पडली. पन्हेरीत जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. म्हणजे मुळे नवी, वरचे झाड जुनेच. बी घ्या की डोळा घ्या, वारसा जवळजवळ तोच.

चव टिकली ती यामुळे. धोकाही यातच आहे. एका झाडाला जो रोग पेलवत नाही, तो शेजारच्यालाही पेलवत नाही. जंबेरीची मुळे डिंक्याला लवकर बळी पडतात. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत ओळीच्या ओळी वाळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना अधिक सांगायला नको. म्हणूनच मेघालयात गारो टेकड्यांतल्या नोकरेकच्या रानात रानसंत्र्यांना अभय दिले आहे, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत नाना वाणांचा संग्रह राखला आहे. क्वचित एखादे बी खरोखरच परागाचे निघते, त्याचे मोल इथे कळते.

काटोलकडे माझ्या मामांच्या बांधावर बियांपासून वाढलेले एक म्हातारे झाड आहे. फळ बेढब, साल घट्ट, चव आंबूस. बाजारात कोणी विचारीत नाही. मागे दोन ओळी डिंक्याने गेल्या, तेव्हा याला मात्र काही झाले नाही. गेल्या उन्हाळ्यात मामांनी कुऱ्हाड काढली.

“मामा, याच्या बिया तरी आधी रुजवून बघा,” मी म्हटले.

“तू मास्तर. बाग मला करायची आहे,” ते म्हणाले, पण कुऱ्हाड भिंतीला लावून ठेवली.

आता पाटात रोपे उभी आहेत. त्यांच्यावर बागेतलाच डोळा भरून, पाणथळ कोपऱ्यात मुळे टिकतात का ते पाहायचे. खुंट पेन्सिलीएवढा व्हायला वर्ष-दीड वर्ष तरी जाईल. तोवर म्हाताऱ्याला हात लावायचा नाही, एवढे मामांनी कबूल केले आहे.