होळकरांची ड्युसेनबर्ग: रेसिंग कंपनीने घडवलेली महाराजांची गाडी, आणि जुनी गाडी ‘मूळ रूपात’ आणणं म्हणजे काय?

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याकडे जाणारे पर्यटक जव्हारचा जयविलास राजवाडा आवर्जून पाहतात. मुकणे घराण्याचं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण राजवाडा टेकडीवर आहे तिथेच आहे. संस्थानी काळातल्या मोटारींचं तसं नसतं. मालक बदलला की गाडी गाव बदलते, कधीकधी देशही.

इंदूरच्या होळकरांची ड्युसेनबर्ग ही अशीच देश सोडून गेलेली गाडी. तिची गोष्ट काय आहे? आणि अशा दुर्मीळ गाड्या पुन्हा मूळ रूपात आणतात म्हणजे नेमकं काय करतात?

ड्युसेनबर्ग कंपनी कोणती?

फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले भाऊ. त्यांचं नाव झालं ते शर्यतीच्या गाड्यांमुळे. १९२१ मध्ये जिमी मर्फीने ड्युसेनबर्ग चालवत फ्रेंच ग्रां प्री जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली.

१९२६ मध्ये उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी कंपनी विकत घेतली आणि शर्यतीतलं तंत्र रस्त्यावरच्या आलिशान गाडीत आणायला सांगितलं. त्यातून १९२८ च्या अखेरीस ‘मॉडेल जे’ आली. एका ओळीत आठ सिलिंडर, ३२ व्हॉल्व्ह, ६.९ लिटरचं इंजिन आणि कंपनीच्या दाव्यानुसार २६५ हॉर्सपॉवर.

१९३२ मध्ये ‘एसजे’ आली. तिच्यात सुपरचार्जर होता. लोहाराचा भाता जसा निखाऱ्यावर जास्तीची हवा मारतो, तसा सुपरचार्जर इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. त्यामुळे जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. एसजेची ताकद ३२० हॉर्सपॉवर सांगितली जाई. १९३७ मध्ये कंपनी बंद पडली, तोपर्यंत मॉडेल जे प्रकारच्या जेमतेम ४८० गाड्या बनल्या होत्या. सुपरचार्जरवाल्या त्यातल्या मोजक्याच.

इंदूरशी संबंध कसा आला?

नीरा नदीकाठच्या होळ गावावरून आडनाव पडलेलं होळकर घराणं पुढे इंदूरचं राजघराणं झालं. या घराण्यातले यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) ऑक्सफर्डला शिकले होते. त्यांना आधुनिक कलेची आवड होती. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून उभारून घेतला, तर ब्रांकुशी या शिल्पकाराकडून शिल्पं घेतली.

गाड्यांच्या बाबतीतही त्यांची निवड अशीच होती. त्या काळी महागड्या गाडीची चासी आणि इंजिन एक कंपनी देई, तर वरची बॉडी दुसरा कारागीर बांधे. होळकरांच्या १९३६ च्या एसजेची चासी अमेरिकेतून आली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने बांधली. गाडी लांबलचक, उघडी आणि मुख्यतः दोघांसाठी. रंग नारिंगी आणि काळा. पुढे ही गाडी अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली.

सगळ्याच गाड्या गेल्या असं नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक ही जर्मन गाडी आजही कोल्हापुरात आहे आणि शाही दसऱ्याला लोकांना पाहायला मिळते.

‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं कोणतं?

जुनी गाडी दुरुस्त करताना सर्वांत अवघड प्रश्न हाच असतो. ‘मॉर्मन मिटिओर’ ही ड्युसेनबर्ग त्याचं उत्तम उदाहरण.

१९३५ मध्ये अ‍ॅब जेंकिन्स यांनी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर ही गाडी २४ तास पळवली. सरासरी वेग ताशी सुमारे २१८ किलोमीटर, म्हणजे एका दिवसात पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर. पुढे तिच्यात विमानाचं इंजिन बसवलं गेलं, ते काढून पुन्हा ड्युसेनबर्गचं बसवलं गेलं. नंतर दिवे आणि मडगार्ड लावून जेंकिन्स तीच गाडी रस्त्यावरही चालवू लागले.

मग यातलं खरं रूप कोणतं? गाडी दुरुस्त करताना १९३५ चं विक्रमी रूप निवडलं गेलं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात तिला सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. पण एक रूप परत आणताना गाडीच्या आयुष्यातली बाकीची वर्षं पुसली जातात. म्हणूनच काही संग्राहक जुना रंग आणि झिजलेलं चामडं तसंच ठेवणं पसंत करतात.

काम कसं चालतं?

सुरुवात पान्यापासून नाही, कागदांपासून होते. चासी आणि इंजिनवरचे क्रमांक कंपनीच्या नोंदींशी जुळवले जातात. जुने फोटो आणि बिलं शोधली जातात.

मग गाडी सुटी होते. प्रत्येक भागाचा फोटो निघतो आणि त्यावर चिठ्ठी लागते. त्या काळच्या अनेक बॉडींना पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे. तो कुजला असेल तर त्याच मापाचा नवा बनवावा लागतो. रंगाचे थर एकेक करून घासले की तळाशी पहिला रंग सापडतो. न मिळणारे भाग फाउंड्रीत ओतून, लेथवर घडवावे लागतात.

भारतात नियम काय आहेत?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत.

अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचं ५,००० रुपये. नोंदणी १० वर्षं चालते. ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यासाठी मात्र चालते.

घरात जुनी गाडी असेल तर?

वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारी आजोबांची गाडी उभी असेल, तर आधी रंगारी बोलावू नका. आरसी बुक, विम्याचे कागद, जुने फोटो एका जागी ठेवा. चासी आणि इंजिनचा क्रमांक लिहून घ्या. काढलेला कोणताही भाग, मोडका असला तरी, भंगारात देऊ नका. नवा भाग घडवायचा तर नमुना म्हणून कारागिराला तोच लागतो. आणि एकदा खरवडून टाकलेला मूळ रंग कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही.