आधी पोचलेला तंबू

अकबर बादशहा मुक्कामाला पोचायचा तेव्हा त्याचे डेरे तिथे उभे असत. युक्ती साधी होती आणि खर्च अफाट. सगळा सरंजाम दोन-दोन असे. एका संचात बादशहाचा मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणाकडे निघालेला असे. या पुढे गेलेल्या संचाला पेशखाना म्हणत. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याचा हिशेब मांडून ठेवला आहे : वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल, कामाला डेरे उभारणारे १००० फर्राश, खणकाम करणारे ५०० बेलदार, १०० भिस्ती, चामड्याचे काम करणारे ३० आणि झाडणारे १५०. शिवाय सुतार, तंबू शिवणारे, मशालजी वेगळे.

किनाऱ्यावर तंबूत सुट्टी घालवायची, पण पलंग हवा, मागे न्हाणीघर हवे, संध्याकाळी दिवे लागलेले हवेत, या हौसेला आता आपण ग्लॅम्पिंग म्हणतो. हे नाव ब्रिटिश वर्तमानपत्रांत २००५ च्या सुमारास दिसू लागले. त्या हौसेचे कूळ शोधताना बहुतेकांची नजर पलंगावर आणि गालिच्यावर जाते. माझ्या मते तिथे चूक होते. पलंग, गालिचे वाड्यातही होते. तंबूतला खरा थाट हा, की आपण येण्याआधी तो कुणीतरी उभा केलेला असतो आणि आपण गेल्यावर कुणीतरी उतरवतो. ग्लॅम्पिंगचा मूळपुरुष पेशखाना आहे.

ही रीत अकबराने शून्यातून काढली नव्हती. त्याचा पूर्वज तैमूर याच्या समरकंदबाहेरच्या छावणीत १४०४ साली कॅस्टिलचा वकील क्लाविखो गेला होता. रेशमी डेऱ्यांचे त्याने केलेले वर्णन पानेच्या पाने चालते. मोगलांनी त्यात हिंदुस्थानची कापूसविद्या मिसळली. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब काश्मीरकडे निघाला तेव्हा फ्रेंच वैद्य बर्निये त्याच्या लष्कराबरोबर होता. शाही डेरे बाहेरून तांबडे आणि आतून मच्छलीपट्टणमच्या हाताने रंगवलेल्या छिटाचे, असे तो नोंदवतो. बाहेरचे कापड जाड आणि ऊनवारा सोसणारे, आतले नाजूक फुलापानांचे. हे अस्तर नुसत्या शोभेचे नव्हते. दोन कापडांमध्ये राहिलेली हवा उन्हाची धग सहज आत येऊ देत नाही. आज कुठल्याही चांगल्या तंबूला दुहेरी छत का असते, याचे एक उत्तर हेच आहे.

डेरा हे सत्तेचे घर होते, म्हणून त्याच्यावर घावही पडला. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी १६८९ साली तुळापूरच्या छावणीत शिरून बादशाही डेऱ्याचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस उतरवून सिंहगडाकडे नेले, ही हकिगत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शौर्य तर त्यात आहेच, पण तंबूचे मर्मही आहे. तंबू नुसत्या खांबांवर उभा नसतो. तो तणाव्यांवर उभा असतो. दोर तुटला की हजार माणसांचे काम क्षणात जमिनीवर येते.

मराठेही पुढे याच डेऱ्यांच्या जगात राहिले. दौलतराव शिंद्यांची फौज १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला उतरली आणि उतरलेलीच राहिली. राहुट्यांच्या ओळींचे रस्ते झाले, बाजार पक्का झाला. त्या शहराचे नाव अजून लश्कर आहे.

तणाव्यांच्या या कामाचे नाते समुद्राशीही आहे. कंपनी सरकारच्या काळात तंबू उभारणाऱ्यालाही खलाशीच म्हणत; जहाजावर शीड सांभाळणारा आणि छावणीत डेरा ताणणारा, दोघांचे कसब एकाच जातीचे. गलबतावर जसा तांडेल, तसा या टोळ्यांवरही तांडेल. जाड कापड वाऱ्याला किती द्यायचे, किती आवळायचे, ओल धरल्यावर दोर आखडतो म्हणून तो केव्हा सैल करायचा, हे शिडावरचे ज्ञान जसेच्या तसे तंबूला लागू पडते. समुद्रकाठी तंबू ठोकणे ही आज आपल्याला नवी टूम वाटते. पण ज्या हातांनी हिंदुस्थानभर तंबू उभे केले, त्यांचे नावच मुळी समुद्रावरचे होते.

इंग्रज अधिकाऱ्याने पेशखाना आपल्या ऐपतीला बसेल असा लहान करून घेतला. हिवाळ्यात जिल्ह्याचा दौरा निघाला की कलेक्टरकडे तंबूंचे दोन संच असत आणि एक रातोरात पुढे जाई. साहेब सकाळी घोड्यावरून पोचे तोवर न्याहारी मांडलेली असे. पुढे ओसरी, मध्ये झोपायची खोली, मागे गुसलखाना, ही मांडणी या दौऱ्यांत पक्की झाली. आज काशिदपासून कच्छच्या रणापर्यंत तंबूवाले ज्याला ‘स्विस कॉटेज’ म्हणून भाड्याने देतात, त्याचा नकाशा तोच आहे.

तंबूचे दुसरे घराणे अटलांटिकच्या बाजूचे. अमेरिकी लष्करातल्या हेन्री सिब्लीने तिथल्या मूळ रहिवाशांच्या टिपी पाहिल्या आणि १८५६ मध्ये एकाच मधल्या खांबावरच्या शंकूसारख्या तंबूचे पेटंट घेतले. ब्रिटिश फौजेचा घंटेच्या आकाराचा तंबू क्रिमियाच्या युद्धात याच सुमारास वापरात होता. तो सुट्टीत आणला लिव्हरपूलच्या जोसेफ कनिंगहॅम यांनी. १८९४ मध्ये त्यांनी आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर, हाउस्ट्रेकला, समुद्राच्या काठी तरुण पुरुषांसाठी तंबूंची वसाहत थाटली. कारकून आणि कारागीर मुले आठवडाभर राहायला येत. दारूला सक्त मनाई होती. तंबू उभे, जेवण तयार, समुद्र समोर. पेशखाना पहिल्यांदा पगारदार माणसाच्या हाती आला तो असा, आणि या कुळातली ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते.

त्याच दशकात अगदी उलट वाटेने जाणारा माणूसही होता. टॉमस हायरम होल्डिंग व्यवसायाने शिंपी. १८९७ मध्ये तो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कनेमारा भागात सायकलवर तंबू बांधून हिंडला. तंबू आपण शिवायचा, आपण वाहायचा, आपणच ठोकायचा. १९०८ मध्ये निघालेले त्याचे ‘द कॅम्पर्स हँडबुक’ हे या पंथाचे मूळ पुस्तक. आजचे गिर्यारोहक आणि सायकलस्वार त्याचे वारस. किनाऱ्यावर सुट्टी ठरवताना आपण होल्डिंगचे की कनिंगहॅमचे, हे आधी ठरवावे. दोन्ही रीती चांगल्या आहेत, पण एकीच्या अपेक्षा दुसरीकडून केल्या की सुट्टी बिघडते.

आपल्या किनाऱ्यावर हे कूळ पोचले त्याला निसर्गाचे कारण आहे आणि कायद्याचेही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम रोखले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणले. उतरवता येणाऱ्या, तात्पुरत्या सोयींना मात्र परवानगी घेऊन जागा राहिली. गोव्यात पाळोळ्याच्या पुळणीवर लाकूड-बांबूच्या खोपटांची अख्खी रांग हंगामात उभी राहते आणि पावसाआधी निघते. जी वस्तू पावसाळ्यापूर्वी गुंडाळायचीच आहे, तिला तंबूइतके सोयीचे दुसरे काय? म्हणून जागा ठरवताना मालकाला परवानगी विचारायला संकोचू नये. ती नसेल तर तंबू कितीही देखणा असो, तिथे जाऊ नये.

कोकणात जायचे तर डिसेंबर ते मार्चचा मध्य हा काळ धरावा. नंतर दुहेरी छतही दुपारच्या उकाड्यापुढे थकते. दिवसा समुद्रावरून खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई, हे आपण शाळेत पाठ केले. तंबूत राहिले की ते अंगाला कळते. दार समुद्राकडे असेल तर दुपारभर वाळू आत येते. सुरूच्या बनाच्या आडोशाला, दार जरा तिरके ठेवलेला तंबू चांगला. समोर लाटा दिसत नाहीत म्हणून त्याला नाकारू नये, चार पावलांवर त्या असतातच.

पुष्कळ जण मुद्दाम पौर्णिमा गाठून जातात. चांदणे खरेच फार सुंदर असते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि भरतीचे पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हाचा किनारा पाहून जागा निवडली तर फसगत होते. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची वरची रेघ कुठे आहे ते पाहावे आणि तंबू तिच्याही बराच वर आहे ना, याची खात्री करावी.

वाळूत साधी मेख धरत नाही. तणाव्याला वाळूने भरलेले पोते किंवा लाकडाचा ओंडका बांधून तो आडवा पुरावा लागतो. पोचल्यावर दोन-तीन तणावे हाताने ओढून पाहिले तरी उभारणाऱ्याचे कसब कळते. दुसरी परीक्षा नाकाने करायची. हवेतले मीठ कापडात बसते, मीठ ओल धरते आणि ओलीत बुरशी येते. गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेल्या कॅनव्हासला कुबट वास नसतो. हे धुणे भरपूर पाणी मागते, आणि किनाऱ्यावरच्या विहिरींतून बेताबाहेर उपसा झाला की खारे पाणी आत सरकते. पाणी कुठून येते आणि संडासाचे कुठे जाते, हे दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारावेत. शेजारच्या घरांची विहीर त्याच वाळूत असते.

दिव्यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. वेळास, आंजर्ले आणि अशा काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला पिल्ले बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असायला हवा. तंबूंवरच्या दिव्यांच्या माळा त्यांना उलट्या बाजूला ओढतात. कासवांच्या गावी जाणार असाल तर माळा नसलेली जागा निवडा, किंवा रात्री समुद्राकडचे दिवे बंद करायला सांगा. वेळासला तर लोक गावातल्या घरांतच उतरतात आणि पहाटे किनाऱ्यावर जातात, ती पद्धत सर्वांत बरी.

पैसे भरण्यापूर्वी फोनवर आणखी एक प्रश्न विचारावा : तुम्ही तंबू कधी उतरवता आणि ठेवता कुठे? तौक्ते वादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच कोकण किनाऱ्यालगत आले होते, आणि त्याआधीच्या वर्षी निसर्ग ३ जूनला रायगडात थेट धडकले होते. ‘मेच्या सुरुवातीलाच काढतो, कापड वर गावातल्या गोदामात असते, आमची चार माणसे आहेत,’ असे उत्तर आले तर त्या माणसाकडे निर्धास्त जावे. त्या चौघांच्या राहण्या-जेवणाची सोय काय आहे, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.