एक माणूस, दोन नोंदवह्या : कंपनीचा हजेरीपट ‘सॅप’शी जोडण्याचा इतिहास

१/
०६०७१९९२. हे आठ आकडे ठाऊक असलेल्या माणसाला एके काळी मोठ्या कारखान्याच्या हिशेबाचे दार उघडता येत असे. ‘सॅप’ या जर्मन कंपनीची ‘आर/३’ ही प्रणाली ६ जुलै १९९२ रोजी बाजारात आली आणि तीच तारीख तिच्या सर्वाधिकारी खात्याचा मूळ पासवर्ड झाली. प्रणाली बसवल्यावर तो बदलावा, अशी अपेक्षा होती. सर्वत्र तसे घडले नाही. पुढच्या आवृत्त्यांत बसवतानाच नवा पासवर्ड मागण्याची सोय करावी लागली.

२/
पासवर्ड बदलणे सोपे असते. कठीण प्रश्न त्यामागे उभा होता. कोण रुजू झाले, कोणाची बदली झाली, कोण राजीनामा देऊन गेले, हे मनुष्यबळ विभागाला ठाऊक असते. हिशेब, खरेदी, गोदाम सांभाळणाऱ्या प्रणालीला ते कळवायचे कोणी? या दोन नोंदवह्या एकमेकींशी बांधण्याच्या उद्योगाला आज ‘आयडेंटिटी मॅनेजमेंट’ म्हणतात. तंत्रज्ञान हाताशी असूनही तो वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याला खरी गती दिली ती कायद्याच्या धाकाने.

३/
संगणकाने माणसाला ‘तू कोण?’ असे विचारण्याची प्रथा अमेरिकेतील एमआयटीत रुजली. फर्नांडो कॉर्बातो यांच्या ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकच यंत्र अनेकांनी वापरायचे, म्हणून प्रत्येकाचे दप्तर वेगळे आणि त्याला पासवर्डाचे कुलूप. हे कुलूप फार काळ टिकले नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ अपुरा पडू लागला. त्याने छिद्रपत्रावर विनंती टाकून पासवर्डांची अख्खी यादीच छापून घेतली. १९६६ मध्ये तर एका दोषामुळे दैनंदिन सूचनेची फाइल आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली. त्या दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड वाचायला मिळाले.

४/
विद्यापीठात अशा गोष्टीचा किस्सा होतो. कारखान्यात पैसा जातो.

५/
आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी १ एप्रिल १९७२ रोजी वाइनहाइम येथे सॅपची स्थापना केली. पहिले गिऱ्हाईक होते आयसीआय या ब्रिटिश कंपनीचा जर्मनीतील नायलॉन कारखाना. त्यांची मूळ कल्पना अशी, की रात्री गठ्ठ्याने होणारी नोंद दिवसा, व्यवहार घडताक्षणी, पडद्यावरच व्हावी. यात एक मोठा बदल दडलेला होता. कागदी व्हाउचरवर कारकुनाची सही असे. आता सहीच्या जागी यंत्राने टिपलेले वापरकर्तानाव आले. ते नाव खोटे ठरले, तर व्यवहाराचा पुरावाच लंगडा पडतो.

६/
आर/३ ने याचा बारकाईने विचार केला होता, हे मान्य करायला हवे. कोणत्या कंपनीच्या खात्यात, कोणत्या कारखान्यासाठी, फक्त पाहायचे की बदलायचेही, असे अधिकार कप्प्याकप्प्यांत वाटता येत. शिवाय ‘सॅप-ऑल’ नावाचा एक अधिकारसंच होता. तो ज्याच्या खात्याला जोडला, त्याला सारी दारे मोकळी. काम अडले की ‘तूर्त हे देऊन ठेवा’ म्हणत तो दिला जाई. त्या ‘तूर्त’ला मुदत नसे.

७/
विनोदाची गोष्ट अशी, की खुद्द सॅपच्या पोटातही माणूस दोनदा नांदत होता. पगारपत्रकात तो कर्मचारी क्रमांक होता आणि लॉगिनच्या तक्त्यात बारा अक्षरांचे वापरकर्तानाव. दोहोंना जोडणारी नोंद कर्मचाऱ्याच्या माहितीत ‘०१०५’ या क्रमांकाखाली भरावी लागे. ती कोणी भरली नाही, तर पगार थांबलेल्या माणसाचे लॉगिन खुशाल चालू राही. एकाच कंपनीने लिहिलेल्या एकाच सॉफ्टवेअरची ही स्थिती. ईमेल, विंडोज आणि इतर प्रणालींच्या स्वतंत्र याद्या वेगळ्याच.

८/
तोडगा टेलिफोनच्या जगातून आला. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्ये ‘एक्स.५००’ हे जागतिक निर्देशिकेचे मानक केले. ते इतके अवजड होते, की मिशिगन विद्यापीठात टिम हाउझ आणि सहकाऱ्यांनी त्याला हलका मार्ग काढला. १९९३ मधील तो मार्ग म्हणजे ‘एलडॅप’. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली आणि बहुतेक कार्यालयांना माणसांची एक मध्यवर्ती वही मिळाली.

मात्र ‘हा माणूस खरोखर तोच’ एवढेच निर्देशिका सांगते. त्याने पाच लाखांचे बिल मंजूर करावे की नाही, हे ती कसे सांगणार? एकाच पासवर्डने सर्वत्र प्रवेश मिळू लागला, तरी आतल्या खोल्यांचे वाटप जुन्याच पद्धतीने, विनंतीचा अर्ज आणि कोणाची तरी आठवण यांच्या भरवशावर चालू राहिले.

९/
मग एन्रॉन कोसळली. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरी जाहीर केली. जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉम त्याच वाटेने गेली. ३० जुलै २००२ रोजी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याच्या ३०२ व्या कलमाने आर्थिक ताळेबंदाची हमी मुख्याधिकाऱ्याच्या सहीने मागितली, ४०४ व्या कलमाने अंतर्गत नियंत्रणाचा लेखी अहवाल मागितला, आणि जाणूनबुजून खोटी हमी देणाऱ्यासाठी कायद्याने २० वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला.

या कायद्याची एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. या दोन्ही कंपन्यांतील लबाडी वरच्या मजल्यावर शिजली होती. तपासणीचा वरवंटा मात्र सर्वाधिक फिरला तो खालच्या मजल्यावरील लॉगिनांवर, कारण ती मोजता येतात.

१०/
लेखापरीक्षकांचे प्रश्न साधे होते. गेल्या वर्षी नोकरी सोडलेल्यांची यादी द्या. सॅपमधील चालू खात्यांची यादी द्या. दोन्ही शेजारी ठेवा. पुष्कळ कंपन्यांना हे काम हाताने, एक्सेलच्या तक्त्यांत करावे लागले. सोडून गेलेल्यांची जिवंत खाती हा त्यातला ढोबळ दोष. बदली झालेला माणूस त्याहून धोक्याचा. खरेदीतून हिशेबात गेलेला कर्मचारी नवे अधिकार घेतो, जुने कोणी काढत नाही. काही वर्षांनी त्याच्याच हाती नवा पुरवठादार नोंदवण्याचा आणि त्याला पैसे पाठवण्याचाही अधिकार जमा होतो. पेशवाईच्या फडावर रोकड पोतनिसाकडे आणि हिशेबाची तपासणी मुजुमदाराकडे असे. दोन्ही कामे एका हाती नसावीत, ही समज जुनीच. संगणकाने दोन्ही दौती एकाच टेबलावर आणून ठेवल्या होत्या.

११/
हा वारा महाराष्ट्रातही पोहोचला. अमेरिकी शेअर बाजारात नोंद असलेल्या परदेशी कंपन्यांनाही हा कायदा लागू होता. मुंबईची एचडीएफसी बँक २००१ मध्ये आणि टाटा मोटर्स २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली होती. पुढे भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाला अंतर्गत आर्थिक नियंत्रणांवर मत देणे भाग पाडले. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद सक्तीची झाली. त्या नोंदीतले नाव गेल्याच वर्षी निवृत्त झालेल्या गृहस्थांचे निघाले, तर ती नोंद सिद्ध काय करणार?

१२/
भीतीबरोबर बाजारही आला. टेक्सासमधील ‘वेव्हसेट’ सन मायक्रोसिस्टिम्सने २००३ मध्ये घेतली. ‘थॉर’ २००५ मध्ये ओरॅकलने घेतली. सॅपने २००६ मध्ये परस्परविरोधी अधिकार हुडकणारी कॅलिफोर्नियातील ‘व्हिर्सा’ आणि २००७ मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइमची ‘मॅक्सवेअर’ विकत घेतली. मॅक्सवेअरचेच पुढे ‘सॅप आयडेंटिटी मॅनेजमेंट’ झाले.

१३/
या साऱ्यांच्या मुळाशी ‘कनेक्टर’ नावाचा दुभाषा असतो. मनुष्यबळ विभागाने रुजू झाल्याची नोंद केली, की मध्यवर्ती प्रणाली पदावरून भूमिका ठरवते. कनेक्टर सॅपच्या ‘बापी’ नावाच्या ठरावीक दारांतून आत शिरून खाते उघडतो, भूमिका चिकटवतो. राजीनाम्याची तारीख आली, की तोच खात्याला कुलूप घालतो. सांगायला दोन वाक्ये पुरतात. बसवताना मात्र नाना अडचणी. निर्देशिकेतले लांबलचक नाव सॅपच्या बारा अक्षरांत बसत नाही. म्हणून दोन नावांची जोडी कुठे तरी जपून ठेवावी लागते. चाचणीची, प्रशिक्षणाची आणि प्रत्यक्ष कामाची सॅप वेगवेगळी. एकीकडे कुलूप लागते, दुसरीकडे दार उघडे राहते. सॅपने आपल्या अनेक प्रणालींतील खाती एका जागेवरून सांभाळण्याची सोय पूर्वीच दिली होती, पण ती सॅपच्या कुंपणाबाहेर पाहत नसे.

१४/
गेलेल्याचे खाते पुसून टाकावे, असे कोणालाही वाटेल. जाणकार ते पुसत नाहीत, बंद करतात. जुन्या प्रत्येक व्हाउचरवर ते वापरकर्तानाव कोरलेले असते. तेच नाव उद्या दुसऱ्या ‘पाटील’ला दिले, तर पहिल्या पाटलांनी केलेले व्यवहार दुसऱ्याच्या माथी दिसू लागतात. त्यामुळे एकदा दिलेले नाव पुन्हा कोणाला देऊ नये, हा नियम पाळला जातो.

१५/
अशा प्रकल्पांत तार जोडणे हा सोपा भाग असतो. ते अडतात भूमिकांच्या यादीपाशी. ‘कनिष्ठ लेखापाल’ या पदाला नेमके काय करता यावे, याचे एकमत उत्तर कंपनीकडेच नसते. मग ‘अमक्याला जे दिले तेच याला द्या’ असा अर्ज येतो, आणि अमक्याच्या खात्यावर साचलेली पुटेही नव्या माणसाला वारशाने मिळतात. हे भांडण संगणक विभागाचे नाहीच. ते विभागप्रमुखांनी टेबलाभोवती बसून मिटवायचे असते, आणि नेमका तोच वेळ त्यांना मिळत नाही.

१६/
दोन प्रणाली न जोडण्याची किंमत मुंबईने पाहिली. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेतला गैरव्यवहार उघड केला. परदेशी बँकांना हमीपत्रे ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेवरून जात होती. त्यांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत होत नव्हती. तिथे तुटलेला होता तो व्यवहाराचा दुवा, ओळखीचा नव्हे. पण धडा या क्षेत्राच्या ओळखीचा होता. एका खिडकीत जे घडले, ते दुसऱ्या खिडकीला कळलेच नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने या दोन प्रणाली जोडण्यासाठी बँकांना मुदत घालून दिली.

१७/
पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सर्व्हरवर गेले आणि जुने दुभाषे अपुरे पडले. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘स्किम’ हे मानक पक्के झाले. खाते उघडण्या-मिटवण्याची भाषा सर्वांसाठी एक असावी, हा त्याचा हेतू. सनला २०१० मध्ये ओरॅकलने गिळले आणि वेव्हसेटचा वंश ओसरला. सनमधून बाहेर पडलेल्या काहींनी नॉर्वेत ‘फोर्जरॉक’ उभी केली. २०२४ मध्ये सॅपनेही आपल्या आयडेंटिटी मॅनेजमेंटची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबणार असल्याचे सांगून ग्राहकांना मायक्रोसॉफ्टच्या ‘एन्ट्रा’कडे जाण्याचा मार्ग सुचवला. आता अनेक कंपन्यांत पुन्हा कनेक्टर बसवले जात आहेत, भूमिकांच्या याद्या पुन्हा टेबलावर आल्या आहेत. सॅपच्या मूळ तक्त्यातले वापरकर्तानाव मात्र अजूनही बाराच अक्षरांचे आहे.