वारशाने आलेला गुन्हा

वाशीहून मुंबईकडे निघालेली हार्बर मार्गाची गाडी खाडीपूल ओलांडते आणि पहिले स्थानक लागते ते मानखुर्द. चिल्ड्रन्स एड सोसायटीचे बालगृह याच मानखुर्दला आहे. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाच्या मागोमाग, १९२७ साली ही संस्था स्थापन झाली. लोकांच्या तोंडी आजही 'रिमांड होम' म्हणूनच असलेले डोंगरीचे निरीक्षणगृह आणि माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही तिच्याच कारभारातली ठिकाणे. यांपैकी माहीमच्या शाळेची मुळे आणखी मागे, १८५० च्या दशकात जातात. नवी मुंबईतले आपण कित्येक जण या भिंतींच्या बाजूने वर्षानुवर्षे ये-जा करत आलो. त्यांच्या आतल्या मुलांविषयी मात्र आपल्या बालवाङ्मयाने आपल्याला फारसे काही सांगितलेले नाही.

हा विचार मनात आला तो लुई सॅकर या अमेरिकी लेखकाच्या 'होल्स' या कादंबरीच्या निमित्ताने. १९९८ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. स्टॅन्ली येलनॅट्स या मुलावर बूट चोरल्याचा खोटा आळ येतो. तुरुंग की छावणी, एवढीच निवड न्यायाधीश त्याच्यापुढे ठेवतात. टेक्सासमधल्या आटलेल्या तळ्याच्या पात्रात वसलेल्या त्या छावणीत प्रत्येक मुलाने रोज पाच फूट खोल आणि पाच फूट रुंद असा एक खड्डा खणायचा. त्याने चारित्र्य घडते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात वॉर्डनबाईंना पुरलेल्या खजिन्याचा शोध हवा असतो. इथेच स्टॅन्लीची झिरो नावाच्या मुलाशी गाठ पडते. झिरोला अक्षरओळख नाही. स्टॅन्लीने त्याला वाचायला शिकवावे आणि मोबदल्यात झिरोने त्याच्या खड्ड्याचा काही भाग खणून द्यावा, असा करार ठरतो. सौद्यातून सुरू झालेले हे नाते मैत्रीपर्यंत कसे पोहोचते, हे सॅकर कोठेही गळा न काढता लिहितो. बालवाचकांसाठी लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी निदान हा संयम तरी उचलावा.

परंतु मला येथे अडकवून ठेवतो तो कादंबरीतला शापाचा धागा. स्टॅन्लीच्या घरात जे जे वाईट घडते त्याचे खापर एका डुक्करचोर खापरपणजोबावर फोडण्याची रीत आहे. पूर्वजाने वचन मोडले, शाप लागला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. वाचक हसतो, कारण वारशाने येणारा गुन्हा ही गंमतीची कल्पना आहे असे तो गृहीत धरतो.

आपल्याकडे ती कल्पना नव्हती, कायदा होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. एखादी जमात सरकारने 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली, की तिच्यात जन्मलेले मूल त्या शिक्क्यासह वाढे. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळ्या सुधार-वसाहती काढण्याची मुभा दिली होती. पुढे १९२४ च्या कायद्यात खालची वयोमर्यादा सहा वर्षे झाली. पण मुलाला आईबापांपासून तोडून औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला. मुलाने काय केले हा प्रश्नच नव्हता. ते कोणाच्या पोटी जन्मले एवढे पुरे होते. सोलापूरच्या काटेरी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही या धोरणाची आपल्या परिसरातली सर्वांत ठळक खूण. स्टॅन्लीवर निदान एक खटला तरी चालला होता.

याच काळात आणि त्यानंतर मराठी बालवाङ्मयाचा नायक कोठे होता? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनाच्या वसतिगृहात राहतो, चोरांच्या मागावर जातो, त्यांना पकडून देतो. भागवतांची प्रतिभा नाकारण्याचा येथे उद्देश नाही. माझे स्वतःचे बालपण त्या पुस्तकांनीच वेगवान केले. तथापि त्या जगात मूल नेहमी पोलिसांच्या बाजूचे असते, हे लक्षात घ्यायला हवे. पोलीस ज्याच्या दारात येतात ते मूल तेथे नायक होत नाही.

ते मूल मराठीत आले, पण आत्मकथनातून. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरात घुसणारे पोलीस, मारझोड, चोरीचे शिक्षण हीच ज्याची बाराखडी, असा मुलगा शाळेत जाऊ लागतो. वस्तीतली मुले आजारी पडतात तेव्हा दोष त्याच्या शाळेला दिला जातो. येथे शाप अक्षरांचाच आहे. 'होल्स'मध्ये वाचन शिकण्याचा करार इतर मुलांच्या डोळ्यांवर येतो, तो प्रसंग 'उचल्या'शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा असे मला वाटते. दोन्हीकडे शिकणाऱ्यावर त्याच्या बरोबरीचेच लोक चिडतात आणि दोन्ही लेखक त्या लोकांना खलनायक करत नाहीत. फरक असा, की 'उचल्या' प्रौढांच्या कपाटात गेले. दलित-भटक्या आत्मकथनांनी आपल्याला इतकी बालपणे दिली, त्यांतले एकही बालवाचकाच्या वाट्याला सहजपणे येऊ नये, हा दोष त्या लेखकांचा नव्हे; निवड करणाऱ्या आपला, शिक्षकांचा आहे.

कादंबरीच्या अखेरीकडे एक प्रसंग आहे. झिरो पळून जातो, तो वाळवंटात मरणारच असे धरून वॉर्डनबाई त्याच्या सर्व नोंदी नष्ट करवतात. पुढे वकील येतात, तेव्हा त्याला डांबून ठेवायला कागदच उरलेला नसतो आणि तो सुटतो. आपल्याकडे कागद इतक्या सहज नाहीसा झाला नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नोंदवहीला नवे नाव मिळाले. तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर.