मेट्रनची ढाल आणि मेट्रनची छडी

मिरज म्हटले की सतार आठवते, आणि तिच्या जोडीला दवाखाना. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय येथे उघडले. तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. डॉक्टरांची कीर्ती गावोगाव पोचली. रात्रभर रोग्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. ही बाई नोकरीत का रमते आणि का सोडून जाते, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

परिचर्येची शिस्त आपल्याकडे इंग्लंडातून आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली. उपचाराची आज्ञा डॉक्टरांची, पण परिचारिकेची शिस्त व राहणी एका जाणत्या मेट्रनच्या हाती, ही त्यांची घडण. परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे ज्या काळी हलके मानले जाई, त्या काळी मेट्रन ही मुलींची ढाल होती. पुढे कित्येक ठिकाणी त्याच हाती छडी आली. १९४६ च्या भोर समितीने देशात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका मोजली. इतकी दुर्मीळ माणसे छडीने कशी टिकावीत?

कायदाही हळूहळूच आला. मुंबईच्या जे. जे. समूहातील दोन वॉर्डसेविकांना कामावरून कमी केले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा लढली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला ‘उद्योग’ ठरविले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आपल्या साताऱ्याचे. १९७० मध्ये न्यायालयाने हे मत फिरविले, १९७८ मध्ये पुन्हा स्वीकारले.

तरुणपणी आम्ही समजत होतो, पगार वाढला की माणूस टिकतो. एका रुग्णालयात आमचे डोळे उघडले. दोन वॉर्ड, पगार एकच, पाळ्या त्याच. एकातल्या मुली वर्षभरात पांगल्या, दुसऱ्यातल्या राहिल्या. राहिलेल्यांतली एक म्हणाली, “दादा, आमच्या इन्चार्ज बाई रागावतात, पण रोग्यांदेखत नाही. रात्रपाळीचा तक्ता लावण्याआधी कुणाचे लेकरू आजारी आहे ते विचारतात. डॉक्टर ओरडले, तर आधी त्या पुढे होतात.”

त्या दिवसापासून आमच्या मागणीपत्रात पगाराखाली एक कलम वाढले : तक्ता आठ दिवस आधी, आणि परिचारिकांना विचारून लागावा.

गोड बोलण्याने पोट भरत नाही, हेही खरे. माणसे अपुरी असली की भली इन्चार्जसुद्धा चिडते. तिच्यावरही वरून दाब असतोच. म्हणून पगार, पुरेशी माणसे आणि मान ही तिन्ही एकदम मागावी लागतात. पहिल्या दोहोंसाठी आम्ही भांडू. तिसरे देण्यास मात्र सरकारी मंजुरी लागत नाही. ते उद्याच्या सकाळच्या पाळीपासूनही देता येईल.