सखाराम गणेश पंडित आणि सरकारचा शब्द

ज्यांचे आयुष्य कचेरीच्या दप्तरांत चालले आहे, त्या आम्हां मंडळींना सही-शिक्क्याचे मोल निराळे सांगावयास नको. हुकूम निघाला, मुदतीत अपील झाले नाही, की प्रकरण दप्तरी दाखल होते. परंतु ज्या सरकारने शिक्का उमटविला, तेच सरकार नऊ वर्षांनी दारी येऊन तो कागद परत मागू लागले तर? अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या काही देशबांधवांवर १९२३ साली हा प्रसंग ओढवला. त्यांपैकी एकाने तो न्यायालयात परतवून लावला. त्यांचे नाव सखाराम गणेश पंडित. नावाची ठेवण आपल्या कानाला ओळखीची वाटते. पण त्यांचे कार्य आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी आले असेल.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने परकीयांना नागरिकत्वाचे दार उघडले, ते केवळ स्वतंत्र गौरवर्णीय व्यक्तींसाठी. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. आशियाई मनुष्य मात्र उंबरठ्यावरच राहिला. हिंदी माणूस गोरा की नव्हे, ह्यावर एक न्यायाधीश होय म्हणे, तर दुसरा नाही म्हणे. १९०६ मध्ये अमेरिकेत आलेल्या पंडितांना लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने १९१४ मध्ये नागरिकत्व दिले. वंशाचा प्रश्न तेव्हाही विचारात घेतला गेला होता. तरी सरकारने अपील केले नाही. १९१७ मध्ये पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. पुढे एका अमेरिकन स्त्रीशी विवाह करून त्यांनी तेथेच संसार मांडला.

ह्याच सुमारास भगतसिंग थिंद ह्यांचा खटला उभा राहिला. पंजाबातून १९१३ मध्ये अमेरिकेत गेलेले थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल झाले होते. त्यांना मिळालेल्या नागरिकत्वास सरकारने आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. थिंद ह्यांच्या बाजूने लेखी कैफियत सादर करणाऱ्या वकिलांत पंडितही होते. आम्ही उच्चवर्णीय आर्य, म्हणून शास्त्रदृष्ट्या कॉकेशियन, म्हणून गोरे, अशी ती मांडणी होती. एवढेच नव्हे, तर उच्चवर्णीय हिंदी मनुष्य इथल्या आदिवासींना जसा तुच्छ लेखतो, तो तुच्छभावही गोरेपणाचा पुरावा म्हणून त्या कैफियतीत पुढे केला होता. आज ते वाचताना मान खाली जाते. भिंत पाडण्याची ती मागणी नव्हती. भिंतीच्या आत आपल्यापुरती जागा मिळावी, एवढीच ती याचना होती.

ती याचनाही फळास आली नाही. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, न्यायमूर्ती सदरलँड ह्यांनी ताकाओ ओझावा ह्या जपानी गृहस्थांना, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असे सांगून नागरिकत्व नाकारले होते. तेच न्यायमूर्ती १९ फेब्रुवारी १९२३ रोजी म्हणाले की, वंशशास्त्र काहीही सांगो, सामान्य मनुष्याच्या समजुतीत हिंदी माणूस गोरा बसत नाही. थोडक्यात, शास्त्र अडचणीचे होताच शास्त्र बाजूला सारले गेले.

लगोलग पूर्वी दिलेली नागरिकत्वे रद्द करून घेण्यासाठी सरकारने दावे लावले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र परकीयाला शेतजमिनीची मालकी मिळत नसे. १९२२ च्या कायद्यान्वये अशा परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचेही नागरिकत्व जाई. म्हणजे एका कागदाबरोबर जमीन, धंदा आणि पत्नीचा देश, सारेच जाण्याची वेळ आली.

खुद्द पंडितांवर दावा आला तेव्हा मात्र युक्तिवादाचे रूप पालटले. आम्ही कोण आहोत, हा प्रश्न मागे पडला. तुम्ही काय केले, हा प्रश्न पुढे आला. न्यायालयाने सुनावणी करून निर्णय दिला, सरकारने अपिलाचा हक्क वापरला नाही, आणि त्या निर्णयावर विसंबून एका माणसाने आपले आयुष्य उभारले. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येईल काय? खालच्या न्यायालयाने पंडितांच्या बाजूने कौल दिला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने, एकदा निकालात निघालेला वाद सरकारलाही पुन्हा उभा करता येत नाही, ह्या तत्त्वावर तो कायम केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि हिंदी लोकांविरुद्धचे उरलेले दावे सरकारने सोडून दिले.

हा विजय अपुराच होता. पेशावरहून सानफ्रान्सिस्कोस आलेल्या वैष्णोदास बगाई ह्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते. मायदेशी जाण्यासाठी अमेरिकन पासपोर्टही त्यांना मिळेना. ज्या ब्रिटिश सत्तेचे प्रजाजनत्व त्यांनी सोडले होते, तिचाच पासपोर्ट घ्या, असे उत्तर आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडितांनी कायद्यातील वंशाची अट हलविली नव्हती. हिंदी लोकांपुरती ती १९४६ मध्ये गेली. सर्वांसाठी ती १९५२ मध्ये उठली. पंडित १९५९ मध्ये निवर्तले. तो दिवस त्यांनी पाहिला.

तरीही आम्हांस ह्या दोन युक्तिवादांतील अंतर महत्त्वाचे वाटते. जातीच्या आणि रक्ताच्या आधारावर मागितलेली कृपा सरकारच्या मर्जीवर राहिली, आणि मर्जी फिरताच बुडाली. सरकारला त्याच्याच निर्णयाने बांधणारा युक्तिवाद मात्र टिकला. कारण तो मांडण्यासाठी कोणाचेही कूळ उच्च असावे लागत नाही. आपल्या टेबलांवरून रोज अर्ज जातात. कोणी निवासाचा दाखला मागतो, कोणी परवाना, कोणी पेन्शन. त्यांवर आपण केलेली सही अर्जदाराला पुढील वीस वर्षे पुरावयाची असते. पंडितांचा खटला वाचल्यावर आपल्याला ती सही थोडी अधिक जपून करावीशी वाटेल, आणि केल्यावर तिच्यापासून सहजासहजी मागे हटवणार नाही.