रमाबाईंनी लिहिलेला इतिहास

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीही इतिहास लिहिला, असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. लांज्यात इतक्या वर्षांच्या नोकरीत मीही ते कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

१८७३ साली अकराव्या वर्षी रमाबाई रानड्यांच्या घरात आल्या. नवरा एकतीस वर्षांचा, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. पण वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याने कुमारिकेशी लग्न केलेले. त्याने बायकोला लिहायला-वाचायला शिकवले. ते घरातल्या वडील बायकांना रुचले नाही. टोमणे, अबोला सगळे वाट्याला आले ते रमाबाईंच्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांच्या व्याख्यानांना ह्या जाऊ लागल्या, तेव्हा तर घरात वादळच उठले.

१९०१ मध्ये रानडे गेले. एवढ्या मोठ्या माणसाची विधवा म्हणून मानाने कोपऱ्यात बसता आले असते. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. प्रस्तावना नामदार गोखल्यांची.

नाव आठवणींचे, पण आज अभ्यासक ते पुस्तक साधन म्हणून वाचतात. सुधारणा सभेत मांडली जात होती, तेव्हा तिची किंमत माजघरात कोण मोजत होते, हे सभेच्या अहवालात सापडत नाही. ते रमाबाईंनी लिहिले. नवऱ्यावरची भक्ती पानोपानी आहे, तरी वडीलधाऱ्यांसमोर तो गप्प राही, हेही त्यांनी झाकले नाही. इतिहासकाराला याहून वेगळे काय करायचे असते?

आमच्या घरी जुन्या कागदांची एक पेटी आहे. सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, वंशावळ. वंशावळीत पाच पिढ्यांचे पुरुष आहेत. बाई एकही नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांत असेच असेल.

म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती. घरात ऐंशीच्या पुढची आत्या, मावशी, काकू असेल तर तिला बोलते करा आणि लिहून ठेवा. भाषा तिचीच असू द्या. ज्यांना स्वतः लिहिता येते त्यांनी तर कोणाची वाटच पाहू नये.